एक टपालपेटी, दोन संगणक : मूळ पत्र नेमके कोठे?

बुलडाणा / प्रतिनिधी

घरात दुसरा संगणक आला की ई-मेलची एक जुनीच तक्रार नव्याने सुरू होते. सकाळी बैठकीच्या खोलीतील संगणकावर वाचलेले पत्र संध्याकाळी लॅपटॉपवर सापडत नाही. लॅपटॉपवरून धाडलेल्या उत्तराची प्रत जुन्या संगणकावर दिसत नाही. मग दोष कधी इंटरनेटला, कधी व्हायरसला, तर कधी घरातल्याच कोणाला तरी दिला जातो. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी पत्र हरवलेले नसते. ज्या संगणकाने ते आधी उचलले, त्याच्याच डिस्कवर ते सुखरूप पडून असते आणि दुसऱ्या संगणकाला त्याचा पत्ताही नसतो.

बुलडाणा जिल्ह्यात या तक्रारीला भूगोलाचीही जोड मिळते. घाटावर आणि घाटाखाली अशा दोन भागांत विभागलेल्या या जिल्ह्यात नोकरीचे घर एका भागात आणि मूळ घर दुसऱ्या भागात, ही स्थिती नवी नाही. आठवडाभर बुलडाण्यात राहायचे आणि शनिवारी राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर किंवा नांदुऱ्याकडे जायचे, असा क्रम असलेल्या कुटुंबाचा एक संगणक घाटावर आणि दुसरा घाटाखाली असतो. ई-मेलचा पत्ता मात्र एकच. अशा वेळी हवे असलेले पत्र ‘दुसऱ्या संगणकावर’ असणे म्हणजे ते सुमारे ४५ किलोमीटरवर असणे होय. एकाच घरात दोन खोल्यांत दोन संगणक असले, तरी अडचण तीच; केवळ अंतर कमी.

पत्र पोहोचले, पण पाहिले नाही

काही वर्षांपूर्वी ई-मेलचा उपयोग शुभेच्छापत्रे व छायाचित्रे पाठविण्यापुरता होता, तेव्हा एखादे पत्र चुकले तरी बिघडत नव्हते. आता तसे राहिलेले नाही. आयकर खात्याच्या सूचना व नोटिसा करदात्याने नोंदविलेल्या ई-मेल पत्त्यावर येतात. छापील बिलाऐवजी ई-मेलने बिल घेणाऱ्या ग्राहकांना महावितरण ‘गो ग्रीन’ योजनेत सवलत देते. बँकेचे खातेउतारे, विम्याच्या हप्त्याची आठवण, परीक्षांच्या प्रवेशपत्राची सूचना, मुलाखतीचे बोलावणे, परगावी असलेल्या मुलांच्या वसतिगृहाची पावती हे सारे त्याच एका पत्त्यावर येऊन पडते, कारण घरातील प्रत्येक अर्जावर तोच पत्ता लिहिलेला असतो.

कायद्याची भूमिकाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम १३ नुसार, उभयपक्षी वेगळे काही ठरलेले नसेल आणि पत्र स्वीकारण्यासाठी एखादी संगणकीय जागा नेमून दिलेली असेल, तर इलेक्ट्रॉनिक अभिलेख त्या जागेत शिरला त्या क्षणी तो मिळाला, असे समजले जाते. तो घरातील कोणत्या संगणकाने उतरवून घेतला, कोणी उघडला आणि कोणी उघडला नाही, याचा या नियमात विचार नाही. त्यामुळे ‘पत्र दुसऱ्या संगणकावर गेले होते’ हे कारण घरात पटले, तरी बाहेर त्यावर विसंबता येत नाही.

टपाल कार्यालयाची रीत

हा घोटाळा होतो कसा, हे समजण्यासाठी पत्र संगणकापर्यंत कसे येते ते पाहावे लागते. पाठविणाऱ्याकडून निघालेले पत्र थेट घरातील संगणकात येत नाही. ते आधी सेवादात्याच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, त्या पत्त्याच्या नावाने राखलेल्या पेटीत येऊन थांबते. घरचा संगणक बंद असला, वीज गेली असली, तरी पत्र तेथे वाट पाहत राहते. घरच्या संगणकावरील आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम सुरू झाला की तो सर्व्हरकडे जाऊन पत्रांची विचारणा करतो. ही विचारणा करण्याच्या दोन ठरलेल्या रीती आहेत. एकीचे नाव ‘पॉप’ आणि दुसरीचे ‘इमॅप’.

‘पॉप’ हे ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ या नावाचे लघुरूप. या रीतीचा पहिला मसुदा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ ची असून तिचे सध्याचे प्रमाणित रूप १९९६ मध्ये निश्चित झाले. नावाप्रमाणेच तिची पद्धत टपाल कार्यालयाची आहे. पेटीधारकाने टपाल कार्यालयात जावे, आपल्या पेटीतील सारी पत्रे पिशवीत भरावीत, पेटी रिकामी करावी आणि घरी यावे. त्यानंतर पत्रांशी टपाल कार्यालयाचा काही संबंध उरत नाही. ती कोणत्या कपाटात ठेवायची, कोणती फाडायची, कोणत्या पत्राला उत्तर द्यायचे, हे सारे घरात ठरते.

पेटीला एकच किल्ली आणि घरात एकच कपाट असेपर्यंत या पद्धतीत काहीही गैर नाही. किल्ल्या दोन झाल्या आणि कपाटे दोन गावांत गेली की जो आधी जाईल त्याला सगळी पत्रे मिळतात व जो नंतर जाईल त्याला रिकामी पेटी.

फोनच्या बिलाचा काळ

पत्रे उतरवून पेटी रिकामी करण्याची ही सवय भारतीय घरांत रुजली, त्यामागे सबळ कारण होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभी ती मोजक्या महानगरांत होती. पुढे भारत संचार निगमच्या ‘संचारनेट’मुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या टेलिफोनधारकाला स्थानिक कॉलच्या दरात इंटरनेट जोडता येऊ लागले. मोडेमचा तो विशिष्ट आवाज, जोडणी लागेपर्यंतची प्रतीक्षा आणि तेवढा वेळ घरचा फोन व्यग्र राहणे, हा अनुभव त्या पिढीच्या चांगलाच लक्षात असेल. जोडणी जितका वेळ चालू, तितके कॉल मीटरवर चढत. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे.

अशा स्थितीत शहाणपणाचा मार्ग एकच होता. जोडणी लावायची, पत्रे झटपट उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची आणि मग निवांतपणे वाचत बसायचे. उत्तरेही आधी लिहून ठेवायची व पुढच्या जोडणीत एकदम पाठवायची. विदर्भातील भारनियमनाच्या वर्षांत तर वीज असेल तेवढ्या वेळात हे उरकावे लागे. पेटीतील जागाही तुटपुंजी असे. २००४ च्या आरंभी हॉटमेलच्या विनामूल्य खात्याला २ मेगाबाइट आणि याहूच्या खात्याला ४ मेगाबाइट इतकीच जागा मिळत होती. लग्नाची तीन-चार छायाचित्रे आली तरी अशी पेटी भरून जाई. त्यामुळे पत्र उतरविल्यावर सर्व्हरवरील प्रत पुसून टाकणे ही गरजच होती. विंडोजसोबत येणाऱ्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये पॉप खाते उघडले की हीच मांडणी आपोआप लागू होत असे.

१ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेल सेवा आरंभली ती १ गिगाबाइट जागेसह. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ‘डेटावन’ ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने लहान शहरांपर्यंत पोहोचली. जागेची चणचण संपली, मिनिटांचा हिशेबही संपला. परंतु मांडणी मात्र अनेक ठिकाणी तीच राहिली. संगणक बदलताना तंत्रज्ञाने जुन्या संगणकावरील मांडणी पाहून नव्यावर तशीच भरली आणि जुनाही संगणक अडगळीत न टाकता चालू राहिला. एका किल्लीच्या पेटीला दोन किल्ल्या झाल्या त्या अशा.

जे केवळ ब्राउझरमध्ये जीमेल उघडून किंवा मोबाइलवरील त्याच्या ॲपमधून पत्रे वाचतात, त्यांना ही अडचण सहसा येत नाही. ते दोन्हीकडे सर्व्हरवरील तीच पेटी पाहत असतात. अडचण येते ती संगणकावर वेगळा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना. स्वतःच्या डोमेनवर पत्ता घेतलेले व्यापारी, डॉक्टर, वकील, कर सल्लागार आणि संस्थाचालक यांत प्रामुख्याने मोडतात. यांपैकी अनेकांचा एक संगणक दुकानात वा घरी आणि दुसरा अन्यत्र असतो.

पॉप ठेवूनच मार्ग काढायचा झाल्यास

पॉपची रीत न बदलताही काही प्रमाणात सोय करता येते. प्रत्येक मेल प्रोग्रॅममध्ये खात्याच्या प्रगत मांडणीत ‘सर्व्हरवर पत्राची प्रत ठेवा’ असा पर्याय असतो. दोन्ही संगणकांवर त्यापुढे खूण केली की कोणताही संगणक पेटी रिकामी करीत नाही. सर्व्हर प्रत्येक पत्राला एक स्वतंत्र ओळखचिन्ह देतो आणि आपण कोणकोणती पत्रे आधीच उतरविली याची नोंद प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःजवळ ठेवतो. त्यामुळे तेच पत्र दोन्ही संगणकांना एकेकदा मिळते.

याच पर्यायाखाली ‘इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका’ अशी मुदत असते. काही प्रोग्रॅममध्ये ती १४ दिवस अशी आधीच भरलेली असते. खरी फसगत येथे होते. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत एक घर तीन आठवडे बंद राहिले, तर दुसऱ्या घरातील संगणक मुदत संपताच पत्रे पुसून टाकतो आणि बंद घरातील संगणकाला ती कधीच मिळत नाहीत. म्हणून पुसण्याचा अधिकार एकाच संगणकाला द्यावा, मुदत किमान दोन-तीन महिन्यांची ठेवावी आणि दुसऱ्या संगणकाने काहीही पुसू नये, अशी मांडणी असावी.

जीमेलच्या पत्त्यावर पॉप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. तेथे एका प्रोग्रॅमने उतरविलेले पत्र दुसऱ्याला सहसा पुन्हा दिले जात नाही आणि प्रत ठेवायची की नाही हेही जीमेलच्या स्वतःच्या मांडणीत ठरते, संगणकावरील खुणेने नव्हे. यावर गुगलने ‘रीसेंट’ नावाची सोय ठेवली आहे. प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याच्या नावाआधी हा इंग्रजी शब्द व अपूर्णविराम (:) लिहिल्यास गेल्या ३० दिवसांची पत्रे, ती अन्यत्र उतरविली असली तरी, मिळतात.

एवढे करूनही पॉपच्या काही मर्यादा उरतातच. एका संगणकावर वाचलेले पत्र दुसऱ्यावर न वाचलेलेच दिसते. येथे पुसलेले तेथे राहते. येथे ‘विमा’ या कप्प्यात ठेवलेले तेथे इतर पत्रांच्या ढिगाऱ्यात सापडते. सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे पाठविलेल्या पत्रांची प्रत ज्या संगणकावरून पत्र गेले तेथेच राहते. नोटिशीला उत्तर दिले होते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर बसून कळत नाही. प्रत्येक उत्तराची एक गुप्त प्रत स्वतःच्याच पत्त्यावर पाठविणे हा यावरचा जुना तोडगा आहे. पण तो रोज आठवणीने पाळावा लागतो.

पत्र जागेवरच ठेवण्याची रीत

दुसरी रीत ‘इमॅप’. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये ती आखली. एकाच माणसाने वेगवेगळ्या यंत्रांवरून आपली पत्रे पाहावीत, हा विचार तिच्या मुळाशी होता. १९९४ मध्ये तिची चौथी आवृत्ती आली आणि २००३ व २०२१ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. जीमेलने ऑक्टोबर २००७ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉमने सप्टेंबर २०१३ मध्ये ही सोय उपलब्ध करून दिली.

इमॅपमध्ये मूळ पत्र टपाल कार्यालयातच राहते. घरचा संगणक ते वाचण्यापुरते मागवितो, फार तर त्याची नक्कल जवळ बाळगतो. पत्र वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे म्हणून खूण केली, पुसले, कप्पा बदलला, यांतील प्रत्येक कृतीची नोंद सर्व्हरवरील मूळ पत्रावर होते. दुसरा संगणक जेव्हा सुरू होईल तेव्हा तो ही नोंद पाहून स्वतःचे चित्र जुळवून घेतो. पाठविलेल्या पत्रांचा आणि अर्धवट लिहिलेल्या मसुद्यांचा कप्पाही सर्व्हरवर ठेवता येतो. बुलडाण्यात अर्धे लिहिलेले उत्तर मलकापुरात पूर्ण करता येते ते यामुळेच. घरात दोन संगणकांसोबत मोबाइलही असेल, तरी हिशेब बदलत नाही.

इंटरनेट नसताना काय, ही शंका रास्त आहे. बहुतेक प्रोग्रॅम इमॅपच्या पत्रांची नक्कल संगणकावर साठवून ठेवतात. जोडणी नसताना जुनी पत्रे वाचता येतात, उत्तरेही लिहून ठेवता येतात. जोडणी येताच ती रवाना होतात. यासाठी खात्याच्या मांडणीत ‘ऑफलाइन’ वाचनाचा पर्याय चालू असावा आणि जोडपत्रांसह संपूर्ण पत्र साठविले जात आहे, याची खात्री करावी.

जुळणी म्हणजे जपणूक नव्हे

इमॅपचा जो गुण, तोच त्याचा धोका. एका संगणकावर पुसलेले पत्र सर्वत्र पुसले जाते. घरातील लहान मुलाने खेळता खेळता शंभर पत्रे निवडून कचऱ्यात टाकली, तर दुसऱ्या गावातील संगणकावरूनही ती नाहीशी होतात. जीमेलमध्ये कचऱ्यातील पत्रे ३० दिवसांनी कायमची जातात. त्या मुदतीत लक्षात आले तरच ती परत मिळतात. पॉपमध्ये नकळत का होईना दोन ठिकाणी दोन प्रती राहत होत्या. इमॅपमध्ये दोन संगणकांवर दिसणारी पत्रे ही एकाच मूळ प्रतीची दोन प्रतिबिंबे असतात.

म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा महत्त्वाच्या पत्रांची स्वतंत्र प्रत काढून ती बाहेरच्या डिस्कवर ठेवणे आवश्यक आहे. थंडरबर्डमध्ये ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यात पत्रांची नक्कल करता येते. आउटलुकमध्ये वेगळ्या डेटा फाइलमध्ये ती काढता येते. जीमेलसाठी गुगलची ‘टेकआउट’ ही सोय संपूर्ण पेटीची प्रत एकदम देते. ही डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये.

जागेचाही विचार करावा लागतो. जीमेलची विनामूल्य १५ गिगाबाइट जागा ही ड्राइव्ह आणि फोटोज या सेवांसह मिळून आहे. मोबाइलवरील छायाचित्रांनी ती भरली तर नवीन पत्रे येणेच थांबते. डोमेनसोबत मिळणाऱ्या स्वस्त पेट्यांची क्षमता याहून कितीतरी कमी असू शकते. अशा वेळी जुनी जड जोडपत्रे आधी संगणकावर उतरवून मगच पेटीतून कमी करावीत.

काही जण दोन संगणक घरातील जाळ्याने जोडून आउटलुकची एकच डेटा फाइल दोन्हीकडून उघडण्याचा प्रयत्न करतात. हा मार्ग कटाक्षाने टाळावा. ती फाइल एका वेळी एकाच प्रोग्रॅमने वापरावी अशी तिची रचना आहे. जाळ्यावरून वापरल्यास ती बिघडण्याचा धोका असतो आणि ती बिघडली तर सगळी पत्रे एकदम गमवावी लागतात.

पॉपकडून इमॅपकडे जाताना

हा बदल अवघड नाही, पण क्रम चुकला तर नुकसान होऊ शकते. प्रथम दोन्ही संगणकांवरील पत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. त्यानंतर दोन्ही संगणकांवरील पॉप खात्याची आपोआप पत्रे उतरविण्याची सोय बंद करावी. ही पायरी विसरली तर एका संगणकावर इमॅप सुरू असताना दुसरा जुन्या सवयीने पेटी रिकामी करीत राहतो आणि नवीन मांडणीत पत्रे येताच अदृश्य होऊ लागतात. दुसऱ्या घरी जाईपर्यंत वाट पाहणे शक्य नसेल, तर वेबवर जाऊन खात्यातील पॉप सेवाच बंद करता येते का, ते पाहावे. जीमेलमध्ये तशी सोय आहे.

मग तोच पत्ता नव्याने, परंतु इमॅप प्रकार निवडून, प्रोग्रॅममध्ये भरावा. सर्व्हरचे नाव सेवादात्याच्या मदत-पानावर मिळते. सुरक्षित जोडणीसाठी इमॅपचा पोर्ट क्रमांक ९९३ असतो, पॉपचा ९९५. पत्रे पाठविण्याचा सर्व्हर वेगळा असून त्यासाठी ४६५ किंवा ५८७ हा क्रमांक लागतो. खाते सुरू झाल्यावर जुन्या पॉप कप्प्यांतील हवी ती पत्रे निवडून इमॅपच्या कप्प्यांत ओढून टाकावीत. ती सर्व्हरवर चढतात व दुसऱ्या संगणकावर दिसू लागतात. एकदम हजारो पत्रे न चढवता वर्षानुसार थोडी थोडी चढवावीत. दोन्ही संगणकांवर तीच पत्रे असतील तर ती दुप्पट होतील. म्हणून ज्या संगणकावर संग्रह अधिक पूर्ण आहे, तेथूनच मुख्य चढाई करावी आणि दुसऱ्यावरून केवळ पाठविलेली पत्रे घ्यावीत.

जुन्या मराठी पत्रांकडे या वेळी विशेष लक्ष द्यावे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित होई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच पत्राची निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. पत्र खराब झाले असे समजून ते पुसू नये. जुन्या संगणकावरील फॉन्टही जपून ठेवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

जुना संगणक आणि त्यावरील आउटलुक एक्स्प्रेस आजही चालू असेल, तर त्यावर नव्याने विसंबू नये. तो ज्या विंडोज एक्सपीसोबत येत असे, तिचे सुरक्षासाहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमने आत शिरण्याची मुभा ३० मे २०२२ पासून काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने तसेच पाऊल सप्टेंबर २०२४ मध्ये उचलले. नवे प्रोग्रॅम सेवादात्याच्या पानावर नेऊन परवानगी घेतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी जीमेलमध्ये द्विस्तरीय पडताळणी चालू केल्यावर १६ अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ मिळतो. प्रत्येक संगणकासाठी तो स्वतंत्र घ्यावा. एक संगणक विकला वा चोरीला गेला, तर तेवढाच रद्द करता येतो.

दोन संगणक आणि दोन माणसे

आतापर्यंतचा विचार एक माणूस आणि दोन संगणक असा होता. अनेक घरांत मात्र पेटी एक आणि वाचणारे दोन किंवा अधिक असतात. वडिलांच्या पत्त्यावर मुलीच्या परीक्षेची सूचना येते, आईच्या निवृत्तिवेतनाचा कागदही तेथेच येतो. अशा घरात तांत्रिक मांडणी बिनचूक असूनही पत्र चुकू शकते. एकाने उघडलेले पत्र इमॅपमुळे सर्वांसाठी ‘वाचलेले’ होते. दुसरा ते ठळक अक्षरांत नाही म्हणून पाहतच नाही. यासाठी साधा घरगुती नियम पुरे. जे पत्र आपले नाही ते उघडल्यास पुन्हा ‘न वाचलेले’ अशी खूण करावी, किंवा प्रत्येकाच्या नावाचा कप्पा करून त्यात टाकावे.

पासवर्ड सर्वांना देण्यापेक्षा चांगला पर्याय जीमेलमध्ये उपलब्ध आहे. खातेदार वैयक्तिक खात्यात १० व्यक्तींपर्यंत प्रतिनिधी नेमू शकतो. प्रतिनिधी स्वतःच्या खात्यातून ती पेटी उघडतो, पत्रे वाचतो, उत्तर देतो; मात्र त्याला पासवर्ड बदलता येत नाही. परगावी असलेल्या मुलाने वृद्ध आई-वडिलांचे पत्रव्यवहार पाहण्यासाठी ही सोय उपयोगी आहे. ई-मेलची पेटी ही आज बँक, आयकर व इतर खात्यांचे पासवर्ड नव्याने मिळविण्याचीही किल्ली आहे. ती कोणाकोणाकडे आहे, हे खातेदाराला माहीत असलेच पाहिजे. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. पेटीचा गैरवापर होऊन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवावे.

खातेदाराच्या पश्चात काय, हाही प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. घरातील सर्व कागद ज्या पेटीत येतात ती ज्याची, तोच माणूस अकस्मात गेला तर कुटुंबाला विमा कोणता होता हेही कळत नाही. गुगलने २०१३ पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय दिली आहे. ठरावीक काळ खाते वापरले गेले नाही, तर त्यातील माहिती कोणत्या विश्वासू व्यक्तींना मिळावी, हे खातेदाराला आधीच नोंदविता येते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे गुगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

एका संध्याकाळचे काम

आपल्या घरातील स्थिती तपासण्यासाठी तंत्रज्ञ बोलावण्याची आवश्यकता नाही. एका संगणकावरून स्वतःलाच एक पत्र पाठवावे आणि तेथेच ते उघडून वाचावे. मग दुसरा संगणक सुरू करावा. पत्र तेथे आलेच नाही, तर पहिला संगणक पेटी रिकामी करीत आहे किंवा जीमेलने ते एकदा दिले म्हणून दुसऱ्याला नाकारले आहे. आले, पण ‘न वाचलेले’ म्हणून दिसले, तर पॉप आहे आणि प्रत ठेवली जात आहे. आले, ‘वाचलेले’ म्हणून दिसले आणि पाठविलेल्या कप्प्यातही त्याची नोंद आढळली, तर इमॅप व्यवस्थित चालू आहे.

संगणक दोन असोत वा चार, मूळ पत्र एकच असावे, ते सर्व्हरवर असावे, त्याची एक जपलेली प्रत घरातील डिस्कवर असावी आणि ही दोन्ही ठिकाणे घरातील किमान दोन माणसांना ठाऊक असावीत. एवढी व्यवस्था लागली तर आयकराची नोटीस घाटावर आली की घाटाखाली, हा प्रश्न उरत नाही आणि तिला मुदतीत उत्तर देता येते.